अडुसष्ट जिन्नस आणि एक अंगठा

प्रश्न : कोरेगाव तालुक्यातला आमचा अकरा जणींचा बचत गट आहे. वाळवण, मसाले, चटण्या, लोणची असे ६८ जिन्नस आम्ही करतो. मार्च ते मे ऑर्डरींची झुंबड असते. गिऱ्हाईक म्हणजे बहुतेक पुण्या-मुंबईला गेलेल्या आपल्याच लेकी-सुना. दोन वर्षं गूगल फॉर्म वापरतोय, पण बऱ्याच जणी तो अर्ध्यावर सोडतात आणि कागदावर यादी लिहून तिचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतात. ते वाचून उतरवून घेताना दमछाक होते, बेरजाही चुकतात. एका गृहस्थांनी अ‍ॅप करून द्यायचे ८५ हजार सांगितलेत. करून घ्यावं का? सोबत फॉर्मची लिंक पाठवली आहे.
— एक बचत गट, जि. सातारा

उत्तर : ताई, अ‍ॅप करू नका. वर्षातून एकदा पापड मागवणारी बाई त्यासाठी अ‍ॅप उतरवून घेत बसणार नाही. घेतलंच तर फोन भरला की पहिलं तेच काढून टाकेल. तुम्हाला हवं आहे एक साधं वेबपान. लिंकवर बोट ठेवलं की उघडलं, काम झालं की मिटलं.

तुमचा फॉर्म मी माझ्या फोनवर उघडून पाहिला. एकाखाली एक ६८ प्रश्न आहेत आणि प्रत्येकाखाली पाव किलो, अर्धा किलो, एक किलो असे तीन रकाने. म्हणजे २०४ गोल. शिवाय फोनच्या रुंदीत तिसरा रकाना मावतच नाही, पान आडवं सरकवल्याशिवाय ‘एक किलो’ दिसत नाही. ज्या बाईला सात जिन्नस हवेत तिला उरलेल्या ६१ प्रश्नांवरून अंगठा ओढत जावं लागतं. आणि एवढं करून बिल किती झालं ते कळत नाही, कारण गूगल फॉर्म स्वतःहून बेरीज करत नाही. त्यापेक्षा कागदावर सात ओळी लिहून फोटो काढणं तिला सोपं वाटतं, आणि ते सोपं आहेच.

माझ्या वडिलांचं इचलकरंजीत किराणा दुकान होतं. शाळा सुटली की मी गल्ल्याशेजारी बसून यादी लिहायचे. गिऱ्हाईक म्हणायचं, “तूरडाळ.” वडील विचारायचे, “किती?” “दोन किलो.” “आणखी?” असं करत यादी संपली की वडील ती पहिल्यापासून वाचून दाखवायचे, मग बेरीज सांगायचे आणि मगच तागडीला हात लावायचे. दुकानात तीन-चारशे जिन्नस असतील. पण “साबुदाणा हवा का? नको. रवा हवा का? नको,” असं त्यांनी कधी कुणाला विचारलं नाही. गेली बारा वर्षं मी छोट्या उद्योगांसाठी फॉर्म करते, आणि कुठे अडले की त्या गल्ल्याशेजारच्या जागेवर मनाने परत जाऊन बसते. तुमचा फॉर्मही तसाच हवा. गिऱ्हाइकाने जे हवं त्यालाच हात लावायचा, नको असलेल्याला ‘नको’सुद्धा म्हणावं लागू नये.

म्हणून सुरुवात गटांपासून करा. पान उघडल्यावर ६८ नावं दिसायला नकोत, सहा-सात मथळे दिसायला हवेत : पापड, कुरडया-सांडगे, शेवया-बोटव्या, मसाले, चटण्या, लोणची, उपवासाचं. मथळ्यावर बोट ठेवलं की तेवढाच गट उघडेल आणि मिटल्यावर शेजारी ‘३ घेतले’ असं दिसत राहील. साबुदाण्याच्या पापड्या ‘पापड’मध्ये शोधणाऱ्याही असतात आणि ‘उपवासाचं’मध्ये शोधणाऱ्याही. त्या दोन्हीकडे ठेवा, पण आकडा एकच असू द्या. इकडे दोन पाकिटं घेतली की तिकडेही दोनच दिसली पाहिजेत, नाहीतर चार पाकिटं बांधून जातील.

वरती शोधायची चौकट ठेवणार असाल तर एकाच जिन्नसाची सगळी नावं तिच्या मागे भरून ठेवा. कुणी कुरडई लिहिते, कुणी कुरडया, कुणी कुरवड्या, आणि निम्म्या जणी मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत टंकतात. ‘काही सापडले नाही’ असं उत्तर आलं की बाई समजते तुम्ही कुरडया करणं बंद केलंय.

आता वजनं. जिथे चालेल तिथे तीन वजनांचा पर्यायच काढून टाका, असं मी सुचवेन. वाळवणाला एकच पाकीट ठेवा, अर्ध्या किलोचं, आणि फक्त पाकिटं मोजा. जिन्नसाच्या नावासमोर ‘घ्या’ असं एक बटण. ते दाबलं की त्याच जागी वजा, १, अधिक अशी तीन घरं येतील. अधिकवर दोनदा बोट ठेवलं की ३. आणि त्या ३ च्या खाली बारीक अक्षरात ‘दीड किलो’ असं आपोआप उमटू द्या. आपल्या बायका दीड, अडीच, साडेतीनमध्ये विचार करतात. ‘३ पाकिटं’ वाचून त्यांना खात्री वाटत नाही, ‘दीड किलो’ वाचून वाटते. मसाल्यांना मात्र पाव किलोचं पाकीट लागेल. लोक कांदा-लसूण मसाला किलोने नेतात, पण गोडा मसाला पावच.

आकडा लिहायची चौकट वाळवणाच्या फॉर्मवर ठेवू नका, हे मी पोळल्यावर शिकले. २०२१ च्या उन्हाळ्यात एका घरगुती उद्योगासाठी फॉर्म केला होता. प्रत्येक जिन्नसापुढे चौकट आणि तिच्यात आधीपासूनच ० लिहिलेला. डोंबिवलीच्या एका आजींना दोन किलो कुरडया हव्या होत्या. त्यांचं बोट शून्याच्या डाव्या बाजूला टेकलं, त्यांनी २ दाबला आणि चौकटीत २० झाले. बेरीज फॉर्मच्या अगदी तळाशी होती, ती त्यांनी पाहिली नाही. वीस किलो कुरडया म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून चीक काढायचा, पहाटे उठून तो शिजवायचा आणि ऊन चढायच्या आत सोऱ्याने गच्चीवर घालून मोकळं व्हायचं. त्या उद्योगातल्या काकूंनी दोन बायका रोजाने बोलावून सगळ्या घातल्या. बिलासाठी फोन केला तेव्हा आजी रडकुंडीला आल्या, आणि काकूंना काय बोलावं सुचेना. चूक आजींची नव्हती. ती चौकट मी केली होती. तेव्हापासून माझ्या फॉर्मवर आधी लिहिलेला शून्य नसतो, आणि नेहमीच्या कमाल आकड्याच्या वर कुणी गेलं की फॉर्म थांबून विचारतो, “१० किलो कुरडया, बरोबर?”

बटणं मोठी ठेवा. अँड्रॉइडची शिफारस ४८ डीपीची आहे (डीपी हे पडद्यावरच्या आकाराचं माप), म्हणजे पडद्यावर सुमारे ९ मिलिमीटर. अ‍ॅपल आयफोनसाठी स्वतःच्या मापात ४४ पॉइंट सांगतं. वजा आणि अधिक एकमेकांना चिकटवू नका. बहुतेक फोनांवर पानाला ३६० ते ४१२ पिक्सेलची रुंदी मिळते, तेवढ्यात एका ओळीवर नाव, दर आणि बटण इतकंच नीट बसतं. बाकीचं, म्हणजे त्यात काय घातलंय, किती दिवस टिकतं, हे नावावर बोट ठेवलं तरच उघडू द्या. चौकटीतलं अक्षर १६ पिक्सेलपेक्षा लहान असलं तर आयफोनचा सफारी ब्राउझर चौकटीला हात लावताच पान मोठं करतो आणि उजवीकडचं बटण पडद्याबाहेर जातं. आयफोनवाल्या सुना ‘तुमचा फॉर्म हलतो’ म्हणत असतील तर तो हाच प्रकार असू शकतो. देवनागरीला दोन ओळींत इंग्रजीपेक्षा जास्त जागा सोडावी लागते. ती सोडली नाही तर वरच्या ओळीतल्या ‘कु’चा उकार आणि खालच्या ओळीतल्या ‘मिर्ची’चा रफार एकमेकांत घुसतात.

बेरीज पडद्याच्या तळाशी पट्टीत कायम दिसत राहू द्या : ‘७ जिन्नस, ₹ १,८४०’. पान कितीही वर-खाली केलं तरी ती पट्टी हलायची नाही. आजींच्या फॉर्मवर ती असती तर आकडा उडी मारताना त्यांना तिथल्या तिथे दिसला असता.

कुरिअरचा खर्चही त्याच पट्टीत यायला हवा, आणि त्यासाठी पिनकोड सुरुवातीलाच विचारा. शेवटच्या पानावर अचानक दोनशे रुपये वाढले की माणूस फसवल्यासारखा मागे फिरतो, त्यात त्याचं काही चुकत नाही. कुरडया-शेवयांचं गणित इथे वेगळं आहे. बऱ्याच कुरिअर कंपन्या खऱ्या वजनासोबत खोक्याचं आकारमानही मोजतात : लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि ५,००० ने भागायचं. ४० बाय ३० बाय ३० चं खोकं ७.२ किलोचं धरलं जातं, आत कुरडया तीनच किलो असल्या तरी. तुमच्या कुरिअरवाल्याचा भाजक विचारून घ्या, आणि दरपत्रकात फुगीर जिन्नसांपुढे खूण करून त्यांचा कुरिअर खर्च पाकिटामागे वेगळा धरा. मागचे दोन उन्हाळे हा फरक तुम्ही पदरचा भरला असणार.

पत्त्याच्या चौकटी कमी ठेवा : नाव, मोबाइल, पिनकोड, घर आणि रस्ता, जवळची खूण. मोबाइल आणि पिनकोडला हात लावताच आकड्यांचा कीबोर्ड उघडला पाहिजे. फॉर्म करणाऱ्याला ‘इनपुटमोड न्यूमेरिक’ एवढं सांगितलं तरी त्याला कळेल. नंबर पुष्कळदा संपर्कयादीतून चिकटवला जातो, तेव्हा त्याच्यापुढे ‘+९१’ येतं, मध्ये मोकळी जागा येते. त्यावर लाल अक्षरात ‘चुकीचा क्रमांक’ ओरडायची गरज नाही. फॉर्मने गुपचूप नको ते काढून दहा आकडे ठेवावेत. तसंच मराठी कीबोर्डवरून आलेल्या आकड्यांचं. माणसाला देवनागरी दोन आणि इंग्रजी दोन सारखेच, पण संगणकाच्या हिशेबात देवनागरी ‘२’ हा आकडा नसून अक्षर ठरतो आणि बेरीज बिनसते. मराठी गिऱ्हाइकांसाठी फॉर्म करून मराठी आकडे नाकारायचे हे मला मुळीच पटत नाही. ते बदलून घ्यायला चार ओळींचं काम लागतं, ते करून घ्याच.

पिनकोडवरून आठवलं. ही सहा आकड्यांची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली आणि ती बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे आपले मराठी गृहस्थ, टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी. एकसारख्या नावांची गावं आणि न वाचता येणारी अक्षरं यांतून टपाल सुटावं म्हणून ती आली. तुमच्या गिऱ्हाइकांत दोन वडगावं आणि तीन पिंपळगावं असतील तर तुमचीही अडचण तीच आहे. पिनवरून जिल्हा आपोआप भरून द्या, पण गावाची चौकट मोकळी ठेवा, कारण एका पिनखाली अनेक वाड्या-वस्त्या येतात.

शेवटी वडिलांची पद्धत : यादी वाचून दाखवणे. ‘पाठवा’च्या आधी एक पान, ज्यावर फक्त घेतलेले जिन्नस, वजन आणि रक्कम. तिथेच वाढवता-कमी करता यायला हवं, त्यासाठी मागे जायला लावू नका. ऑर्डर गेल्यावर तीच यादी क्रमांकासह तिच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पोचावी. आणि जिला अजूनही कागदाचा फोटोच पाठवायचा आहे तिला पाठवू द्या. तुमच्यातल्या एकीने ती यादी याच फॉर्मवर भरायची, म्हणजे बेरीज तरी चुकणार नाही.

हे सगळं करायला ८५ हजार लागत नाहीत. अकरा जणींपैकी कुणाचा मुलगा नाहीतर मुलगी बीसीएस किंवा डिप्लोमा करत असेल. एक वेबपान आणि त्यामागे गूगल शीटला जोडलेली अ‍ॅप्स स्क्रिप्ट (आलेली ऑर्डर शीटमध्ये उतरवणारा छोटा प्रोग्राम), एवढ्यावर तुमच्या गटाचं काम भागेल. दोन गोष्टी त्यांच्याकडून नक्की करून घ्या. जिन्नसांचे दर शीटमध्ये असावेत, म्हणजे उडीदडाळ महागली की तुम्ही स्वतः आकडा बदलू शकाल. आणि रकमेची बेरीज शीटने पुन्हा करावी, गिऱ्हाइकाच्या फोनवर आलेली तशीच उचलू नये. त्या पोरांना मोबदला द्या, घरचंच आहे म्हणून फुकट करून घेऊ नका.

फॉर्म तयार झाला की तीन ओळखीच्या बायकांकडे जा. त्यांच्याच फोनवर, त्यांच्याच स्वयंपाकघरात बसा आणि एवढंच सांगा, “मागच्या वर्षी मागवलंस ते पुन्हा मागव.” मग तोंडातून शब्द काढू नका. ‘खाली बघ’, ‘तिथे दाब’ म्हणायचा मोह फार होतो. अंगठा कुठे थबकतो ते वहीत लिहा. मी परवाच एका मावशींकडे बसले होते. त्यांनी ‘घ्या’ दाबलं, १ आला आणि त्या थांबून राहिल्या. त्यांना वाटलं, ऑर्डर गेली. बटणावरचा शब्द मी तिथेच बदलला, ‘यादीत घ्या’. पुढच्या मावशी थांबल्या नाहीत.

प्रश्न : दापोलीजवळ माझी रोपवाटिका आहे. चाळीस प्रकारची कलमं-रोपं ऑनलाइन फॉर्मवर घेतो. आमच्या भागात आणि गिऱ्हाइकांच्या गावीही रेंज जाते. फॉर्म उघडायला वेळ लागतो, भरलेलं पुसलं जातं, एकच ऑर्डर दोनदा येते. वरचं सगळं मलाही लागू होतं का?
— एक नर्सरीवाले, जि. रत्नागिरी

उत्तर : बरंच लागू होतं, एक सोडून. तुमच्याकडे माणूस काजूची १०० कलमं मागतो. अधिकचं बटण शंभरदा दाबायला लावू नका, तुम्ही आकड्याची चौकटच ठेवा. फक्त ती रिकामी असू द्या आणि तिच्यापुढे ‘कलमे’ हा शब्द ठळक लिहा. तुमच्या जातींच्या नावातच आकडे आहेत. काजूच्या ‘वेंगुर्ला-४’ आणि ‘वेंगुर्ला-७’ या जाती खाली-वर असल्या आणि शेजारी नुसता ‘७’ दिसला, तर ती जात की संख्या हे घाईत कळत नाही. ‘वेंगुर्ला-४ : ७ कलमे’ असं पूर्ण वाचता आलं पाहिजे. आंब्याच्या हापूस, केसर, रत्ना, सिंधू यांना हा त्रास नाही.

फॉर्म उघडायला वेळ लागतो तो फोटोंमुळे असणार. फोनवर काढलेला फोटो सहज ३ एमबीचा असतो. तसे चाळीस म्हणजे १२० एमबी, आणि बांधावर उभं राहून ते कोण उतरवणार? ३०० पिक्सेल रुंदीचे करून घ्या, प्रत्येकी २०-३० केबीत बसतील. जो गट उघडला त्याचेच फोटो यावेत.

भरलेलं पुसलं जाऊ नये म्हणून प्रत्येक आकडा लिहिताक्षणी फोनच्या ब्राउझरमध्येच साठवता येतो, त्याला रेंज लागत नाही. पान मिटून तासाभराने उघडलं तरी यादी तशीच हवी. दुहेरी ऑर्डर येते कारण ‘पाठवा’ दाबल्यावर काही होताना दिसत नाही, म्हणून माणूस पुन्हा दाबतो. पहिल्या दाबासरशी बटण फिकट करा, त्यावर ‘पाठवत आहे, थांबा’ असं येऊ द्या. आणि पान उघडतानाच प्रत्येक यादीला एक गुप्त क्रमांक द्या. तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर शीटने तो टाकून द्यायचा. मधेच रेंज जाऊन पुन्हा आली तरी त्यामुळे १०० कलमांची २०० होत नाहीत. पावसाच्या तोंडावर कलमं काढून बांधून ठेवलेली असतात, तेव्हा ही चूक फार महाग पडते.

प्रश्न : फॉर्मच्या शेवटी आम्ही यूपीआयचा क्यूआर कोड ठेवलाय, तरी निम्मे लोक पैसे न भरता निघून जातात. का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : कारण तो कोड ज्या फोनवर दिसतोय, पैसे भरायचं अ‍ॅपही त्याच फोनमध्ये आहे. स्वतःच्या पडद्याचा कोड स्वतःच्याच कॅमेऱ्याने कसा टिपणार? बिचारे स्क्रीनशॉट काढून खटपट करतात किंवा ‘नंतर भरू’ म्हणून सोडून देतात. क्यूआर संगणकावरून ऑर्डर देणाऱ्यांसाठी राहू द्या. मोबाइलवर त्या जागी एक बटण ठेवा, ज्यामागे यूपीआयची लिंक आहे आणि तिच्यात तुमचा यूपीआय आयडी, रक्कम आणि ऑर्डरचा क्रमांक आधीच भरलेला आहे. बटण दाबलं की फोनमधलं अ‍ॅप उघडतं, माणूस पिन घालतो. सगळी अ‍ॅप्स ही लिंक सारखी हाताळत नाहीत, म्हणून दोन-तीन वेगवेगळ्या अ‍ॅपांवर एक-एक रुपया पाठवून पाहा. आणि बटणाखाली तुमचा यूपीआय आयडी साध्या अक्षरांत लिहून शेजारी ‘कॉपी करा’ ठेवा, लिंक उघडली नाही तर तेवढ्याने भागतं.